दोन घरांत वाटलेला माणूस

आमच्या पाड्यावर रात्रीपेक्षा दुपारची भीती जास्त. रात्री माणसं घरात असतात, चुलीत निखारा असतो, शेजारच्या घरातला खोकला ऐकू येतो. वैशाखातली दुपार मात्र ओसाड असते. ताडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा होतात, कोंबड्या कुडाखाली चोची उघड्या टाकून बसतात, खाली नदीच्या कोरड्या पात्रातले दगड पांढरे पडतात आणि कुठेच काही हलत नाही. अशा वेळी अंगणात पाऊल वाजलं तर बाहेर डोकवायचं नाही, असं आई आम्हाला सांगायची. "त्या वेळी माणूस चालत नाय," एवढंच ती म्हणायची. मग कोण चालतं, असं विचारलं तर ती उत्तर न देता भाकरी थापायला घ्यायची. पुढे मी डॉक्टर झाले. ऊन लागलेल्या माणसाला काय काय दिसतं, काय काय ऐकू येतं, हे शिकले आणि मुलांना शिकवलंही. तरी अजून मे महिन्यात दुपारी दार वाजलं की मी लगेच उठत नाही. थोडी थांबते.

आमचं घर तलासरीपासून आत, डोंगराच्या अंगाला. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप, वर गवताचं छप्पर, आत एकच मोठी खोली. तिच्या एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात बकऱ्या आणि उरलेल्या जागेत आम्ही. बा हिवाळ्यात गवत कापायला जायचा, उन्हाळ्यात डहाणूकडच्या चिकूच्या वाडीत कामाला. घरी आलं की फार बोलायचा नाही. बोलणं सगळं आईचं. सकाळी नागलीची आंबील, दुपारी भाकर आणि निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील, कधी कैरी ठेचून मीठ-मिरची. त्या बोंबलांचा वास घरात असला की मला अजून वाटतं, सगळं ठीक आहे. आमची घरची बोली मी इथे जशीच्या तशी लिहीत नाही, वाचणाऱ्याला अडेल. थोडी थोडी येईल, कारण आईचं बोलणं पूर्ण पुस्तकी करून टाकलं तर ती आई राहणारच नाही.

मी डहाणूला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकले आणि मुंबईच्या मेडिकल कॉलेजात गेले. आमच्या पाड्यातून तोवर मुंबईला जी माणसं गेली ती रेल्वेच्या, गवत भरलेल्या वाघिणींबरोबर गेली होती, तबेल्यांत गवत उतरवायला. शिकायला गेलेली मी पहिली. सरकारने आमच्यासाठी जागा राखल्या होत्या आणि त्यातली एक मला मिळाली. पण पहिल्या वर्षी शरीररचना शिकायची तर हाडं हवीत, माणसाची, खरी. ती हातात घेऊन, उलटीसुलटी करून, कुठला स्नायू कुठे चिकटतो हे पाठ करायचं असतं. डॉक्टरांच्या मुलांकडे घरातच हाडांचा संच असे. बाकीचे कुणाकडून तरी मिळवत. विभागात एक खोली भरून हाडं होती, पण ती वर्गापुरती बाहेर यायची आणि तास संपला की कुलपात जायची. ज्याच्याकडे स्वतःची हाडं नाहीत त्याने काय करायचं, हा प्रश्न तिथे कुणाला पडलेला नव्हता.

माझ्या वर्गात शालिनी होती, डहाणूचीच. तिचे वडील डहाणू रोड स्टेशनावर पार्सल ऑफिसात होते, रेल्वेच्या चाळीत राहायचे. डहाणूत आम्ही एकमेकींना पाहिलंही नव्हतं, मुंबईत मात्र दोघी एका गावच्या झालो. तिच्या डॉक्टर मामेभावाने तिला त्याचा जुना संच दिला होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा तिने तो सरळ दोन भागांत वाटला. "उजवी बाजू तू ने, डावी माझ्याकडे. सुट्टी संपली की बदलू," ती म्हणाली. पाठीचे मणके आणि बरगड्या तिने ठेवल्या. कवटी माझ्या वाट्याला आली, कारण तिच्या आईने बजावलं होतं, काय हवं ते आण, पण डोकं घरात आणायचं नाही. अशा रीतीने तो माणूस आमच्या दोघींच्या घरी राहायला आला. अर्धा डहाणूत कापडी बॅगेत, अर्धा आमच्या पाड्यावर पत्र्याच्या ट्रंकेत.

घरी मी सांगितलं, अभ्यासाचं सामान आहे. ट्रंक मी कुडाशी, बकऱ्यांच्या बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी आईने बकऱ्या तिथून हलवल्या. "तिथं बसत नाय त्या, उभ्याच राहतात," ती म्हणाली. मी हसले. मग दुपारी ट्रंक वाजायला लागली. टिक, टिक, मध्ये बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टिक.

"पत्रा तापला की वाजतो, आई."

"पत्रा सावलीत आहा," आई म्हणाली. ती तांदूळ निवडत होती आणि तिचे हात थांबले होते. "जाने, काय आणलंस ते दाखव."

मी झाकण उघडलं. आई ओरडेल, मला बाहेर काढेल असं वाटलं होतं. पण खाली वाकून तिने कवटीवर हात न लावता, फक्त हवेतून, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवला. "कुणाचा हा?"

"माहीत नाही. विकत मिळतात."

"माणूस विकत मिळतो?"

मी तिला समजावून सांगितलं. दवाखान्यात बेवारशी मेलेली माणसं, ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्यांची प्रेतं कॉलेजकडे येतात. कुणाची हाडं व्यापाऱ्याकडे जातात. हे मी जेवढ्या सहजपणे सांगितलं तेवढ्या सहजपणे ते मला कॉलेजात शिकवलं गेलं होतं. आईने ट्रंकेचं झाकण लावलं. जेवायच्या वेळी मात्र तिने पानावर भाकरीचा तुकडा आणि बोंबील ठेवून ते ट्रंकेसमोर नेलं. "घरात आलेल्याला उपाशी ठेवत नाय," ती म्हणाली. रोज ठेवायला लागली. संध्याकाळी ते पान ती नदीकडे नेऊन टाकायची.

काही दिवसांनी ते पाऊल मी ऐकलं. हे मी आजवर फार थोड्या जणांना सांगितलंय. घरात कुणी नव्हतं, आई मोहाची फुलं वाळवायला मागच्या अंगणात होती. मी उजव्या मांडीचं हाड मांडीवर घेऊन मोठ्याने पाठ करत बसले होते. त्या हाडाला मधोमध एक गाठ होती, मोडून पुन्हा वाकडं जुळलेलं. पाठांतराला ते सोयीचं नव्हतं म्हणून मला त्याचा थोडा रागच यायचा. अंगणातून आवाज आला. एक पाऊल नीट पडलेलं, टप, आणि दुसरं ओढत आणलेलं, खर्र. टप, खर्र. मी बोलायची थांबले तसा आवाज थांबला. मी पुन्हा वाचायला लागले, तसा पुन्हा सुरू झाला. माझ्या हातातलं हाड घामाने ओलं झालं होतं. आईने लहानपणी सांगितलेलं विसरून मी दारात गेले. अंगणात कुणी नव्हतं. फक्त पलीकडे, भर उन्हात, ताडाच्या बुंध्याला टेकून चैती फुई बसली होती आणि ती आमच्या अंगणाकडे बघत होती.

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. चैती फुई बाची लांबची बहीण, एकटी राहायची. तिचा नवरा लवकर गेला आणि मुलगा, नवशा, मी लहान असताना गवताच्या वाघिणींबरोबर मुंबईला गेला तो परत आलाच नाही. बरोबरचे लोक म्हणाले, तबेल्यात आजारी पडला, कुणीतरी दवाखान्यात नेला. त्यापुढे कुणाला काही माहीत नव्हतं. मेल्याची खबर नाही म्हणून फुईने त्याचा दिवस घातला नव्हता. आमच्यात मेलेल्याचा दिवस घालतात, त्याला बोलावून, खाऊपिऊ घालून, वाटेला लावतात. तो झाल्याशिवाय मेलेला इथेच घुटमळतो. नवशा मला आठवत होता. ताडावरून पडून त्याची मांडी मोडली होती, एका म्हाताऱ्याने बांबूच्या पट्ट्या बांधून ती जुळवली, पण पाय आखूड राहिला. तो चालत आला की न बघता कळायचं.

"ऐकलंस ना?" फुईने उन्हातूनच विचारलं.

मी आत वळले. ती उठून माझ्यामागून घरात आली, सरळ ट्रंकेकडे गेली आणि मी अजून हातातच धरलेलं ते हाड तिने माझ्याकडून घेतलं. तिने त्याच्यावरून बोटं फिरवली. गाठीपाशी थांबली. गाठ अंगठ्याने चाचपली, जसं आपण जुन्या दागिन्याची कडी चाचपतो.

"फुई, अशी हाडं खूप असतात," मी म्हणाले. "मोडलेली मांडी कुणाचीही असते. हा माणूस कुठला आहे, कुणालाच सांगता येणार नाही."

"तू मोठी शिकलेली आहास. हा बाप्या का बाई, ते तरी सांगता येतं ना?"

मी कमरेचं हाड काढून पाहिलं, खरं म्हणजे आधीच पाहिलेलं होतं. "पुरुष. तरणा."

"मग हा नवशा नाय, असं सांग मला. सांगशील?"

तिने ते मांडीचं हाड पदरात गुंडाळलं, उराशी धरलं आणि बराच वेळ पुढे-मागे डुलत बसली. जाताना मात्र तिने ते परत ट्रंकेत ठेवलं, नीट, बाकीच्या हाडांच्या शेजारी.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी यायची. ट्रंकेशी बसून बोलायची. कुणाचं लग्न झालं, कुठला आंबा वठला, कुठल्या विहिरीचं पाणी आटलं. मधेच थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची, मग पुढे. मी अभ्यास करायचा प्रयत्न करायची आणि मला ओळ न् ओळ विसरायला व्हायची. एकदा ती म्हणाली, "त्याची पाठ दुखते म्हणतो. पाठ कठं आहा त्याची?" पाठीचे मणके शालिनीकडे होते. फुईने ट्रंक उघडी पाहिली होती, मणके नाहीत हे तिच्या लक्षात आलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. आजही तसंच सांगते.

पाड्यात मात्र गोष्ट पसरली. विहिरीवर आई गेली की बायका आपले हंडे बाजूला घ्यायला लागल्या. आमच्या घरचं पाणी कुणी पिईना. आणि एक दिवस आई रिकामा हंडा घेऊन परत आली, चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "भुताळी म्हणाली मला, ती खालच्या घरातली." भुताळी म्हणजे मेलेल्यांना वश करून लोकांचं वाईट करणारी बाई. हा शब्द आमच्याकडे गमतीत वापरत नाहीत. तो ज्या बाईवर एकदा बसला तिला पाडा सोडून जावं लागतं, आणि जाता आलं तर ते नशीब समजायचं. बा त्या दिवशी कामावरून लवकर आला होता. त्याने आईकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, आणि टोपी न काढताच रुपजी भगताला बोलवायला निघून गेला.

रुपजी भगत हा वाळलेला, लांब बोटांचा माणूस. त्याने अंगणात सूप मागितलं, त्यात मूठभर तांदूळ टाकले आणि बोटाने दाणे सरकवत, बाजूला घेत, पुन्हा मोजत बसला. सारा पाडा दूर उभा होता. आई दारात, माझ्या दंडाला धरून. तिची बोटं थंड होती. बऱ्याच वेळाने भगताने वर न पाहता सांगितलं, "हिने बोलावला नाय. हा आपणहून आला." आईचा श्वास मला ऐकू आला. "पण अर्धाच आहा. बाकीचा गाडी ओरडते तिथं आहा. जवळ खारं पाणी आहा. तो जोवर तिथं तोवर हा इथून हलायचा नाय. दोन्ही एकत्र आणा, दिवस घाला."

उरलेली हाडं डहाणूच्या स्टेशनजवळ आहेत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला बोलता बोलता सांगितलं असेल का, हे आज मला खात्रीने आठवत नाही. त्या वेळी मात्र माझ्या मानेवर काटा आला. आणि त्याबरोबर दुसरंही कळलं. दिवस घालायचा तर ही हाडं जाळायची, आणि ती जाळायची म्हणजे माझा अभ्यास जाळायचा, तोही ऐन परीक्षेच्या तोंडावर. शिवाय हाडं माझी नव्हतीच. आईकडे पाहिलं तेव्हा मात्र ठरवायचं असं काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने डहाणूला गेले. कैनाडच्या फाट्यावर माणसं चढली, सरावलीला उतरली, सगळं नेहमीसारखं चाललं होतं, आणि मी मनात शालिनीला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. रेल्वेच्या चाळीत तिच्या दारापुढे कुरडया वाळत घातल्या होत्या. शालिनी बाहेर आली आणि तिला पाहूनच मी वाक्यं विसरले. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तू आलीस ते बरं झालं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मीच तुला निरोप पाठवणार होते. जानकी, मी बावळट नाहीये ना गं? फिजिओलॉजीत माझा पहिला नंबर आलाय."

"काय झालं?"

"बॅग खाटेखाली भिंतीशी ठेवते. दुपारची गुजरातकडची गाडी गेली की बघते तर बॅग दाराशी. रोज. आई म्हणते मांजर ओढत असेल. मांजर एवढी जड बॅग ओढील का? काल मी खाटेवरच बसून राहिले, पाय खाली सोडून, की बघू या. डुलकी लागली की काय कोण जाणे. जागी झाले तेव्हा बॅगेचा पट्टा माझ्या घोट्याला गुंडाळलेला."

मी तिला सगळं सांगितलं. नवशा, फुई, भगत, आईला म्हटलेला शब्द. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. शालिनी म्हणाली, "पण परीक्षा?" आणि लगेच स्वतःच बॅग उचलली. तिची आई आत गेली, एक नारळ आणि नवा पांढरा पंचा घेऊन आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "घेऊन जा त्याला, बाई. आणि शालू, तू हिच्याबरोबर जा. आपल्याही घरात ठेवला होता ना?"

शालिनी आली. पाड्यावर शहरातली मुलगी पाहायला एरवी सगळे जमले असते, पण त्या दिवशी कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या सकाळी नदीच्या पात्रात, वाळूवर, फुईने शेण सारवून जागा केली. तिथे पंचा पसरला आणि आम्ही दोघींनी त्याला मांडायला घेतलं. उजव्या बाजूला मी, डाव्या बाजूला शालिनी. डोकं, मग मानेचे मणके एकाखाली एक, बरगड्या, खांदे, हात. बोटांची हाडं लावताना शालिनीने एकही चुकवलं नाही. आम्ही दोघी वर्षभर त्याचा एकेक तुकडा पाठ करत होतो आणि तो पुरा माणूस असा कधी पाहिलाच नव्हता. शेवटचं हाड लागलं तेव्हा मला एकदम लक्षात आलं की त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड आहे. शालिनीनेही पाहिलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

फुई त्याच्या पायाशी येऊन बसली. रुपजी भगताने घांगळी छेडायला सुरुवात केली. काठीला दोन भोपळे आणि त्यावर तार, तिचा आवाज माशीसारखा एका जागी घोंघावत राहतो. तो गात होता, मेलेल्याला वाटेवरून एकेक खूण सांगत बोलावत होता. हा ओढा, हा साग, ही विहीर, हे घर. ऊन डोक्यावर होतं. गाता गाता त्याचा आवाज बदलला. जाड झाला, तरणा झाला. खांदे हलायला लागले.

"आई, तंबाखू दे," तो म्हणाला.

फुईने कमरेची चंची सोडून तंबाखू पंच्यावर ठेवली. "कठं होतास रे?" तिने विचारलं, जणू मुलगा बाजारातून उशिरा आला होता.

"तिकडं. गार खोलीत. मी एकटा नाय, आई. तिकडं लई जण आहेत. हात एकाचा, पाय एकाचा, डोकं भलत्याचं. कुणाला नाव नाय." घांगळी वाजतच होती. मग भगताचं तोंड हळूहळू आमच्याकडे वळलं. डोळे मिटलेले होते. "ह्या पोरींना ठाऊक आहा ती खोली."

शालिनीने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी फुटली. चिता पेटवली तेव्हा फुई रडली नाही. ती विस्तव नीट लागतोय का ते बघत होती, भात शिजताना बघावं तसं. संध्याकाळी खालच्या घरातली ती बाई आली आणि आईकडे पाणी मागून प्यायली. त्यानंतर मी सुट्टी संपेपर्यंत घरी होते. दुपारी अंगणात काहीही वाजलं नाही.

तो नवशा होता का, असं मला आजही विचारतात. मी खरं तेच सांगते, मला माहीत नाही. आणि तो नव्हता हेही मला माहीत नाही. या दोन्हींच्या मध्ये मी उरलेलं आयुष्य काढलं.

मुंबईला परत गेल्यावर आठवड्याच्या आत शालिनीला तिच्या मामेभावाने दुसरा संच मिळवून दिला. "माझ्याच खोलीत येऊन वाच," तिने मनापासून सांगितलं. मी जायची. पण हाड हातात घेतलं की पुढचं आठवेना, एवढंच मनात यायचं, ह्याला शोधत कुणी बसलंय का. तोंडी परीक्षेत आमच्या प्राध्यापकांनी एक हाड पुढे सरकवलं. ते उंच, शिस्तीचे, पांढऱ्या कोटाला कधी सुरकुती नसलेले गृहस्थ. "बाजू?" त्यांनी विचारलं. "उजवी." "कुणाचं?" पुरुषाचं की बाईचं, असा तो प्रश्न होता. सगळ्यांना विचारत. मी म्हणाले, "नाव कुठे लिहिलेलं असतं का, सर?" त्यांना वाटलं मी उद्धटपणा करते आहे. शालिनी पास झाली, मी नापास. एकाच चितेवर दोघींची हाडं जळली होती. तिला आठवड्यात दुसरी मिळाली आणि मला कुठूनच मिळणार नव्हती, हा फरक तोपर्यंत मला कुणी एवढा स्पष्ट करून दाखवला नव्हता.

मग मी बघायला लागले. आणखी कोण कोण आहे? जव्हारकडचा एक मुलगा होता, गिरणीकामगाराचा एक होता, विदर्भातून आलेली एक मुलगी होती. सगळे दुसऱ्याच्या वेळेवर, दुसऱ्याच्या मर्जीवर अभ्यास करणारे. मी प्राध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, विभागाची हाडांची खोली दुपारी उघडी ठेवा, ज्यांच्याकडे नाहीत ते तिथे बसून वाचतील. "तसा नियम नाही," ते म्हणाले. मग आम्ही चौघं रोज दुपारी त्या बंद दाराबाहेर व्हरांड्यात जमिनीवर पुस्तकं उघडून बसायला लागलो. शालिनीही येऊन बसायची, तिला गरज नव्हती तरी. शिपाई आमच्यावरून पाय टाकून जात. मुलं हसत. पाऊस संपला, थंडी आली, तरी आम्ही बसलो. एका दुपारी प्राध्यापक स्वतः आले, आमच्याकडे न बघता त्यांनी दार उघडलं आणि शिपायाला म्हणाले, "पाच वाजेपर्यंत." एवढंच. त्या खेपेला मी पास झाले.

डॉक्टर झाल्यावर सगळ्यांना वाटलं मी तलासरीला दवाखान्यात जाईन. पुढे गेलेही. पण पहिली काही वर्षं मी त्याच विभागात शिकवायला राहिले, कारण आमच्याकडची पुढची मुलं आता येऊ लागली होती आणि त्यांना दाराबाहेर बसवायची माझी इच्छा नव्हती. कुणालाही स्वतःची हाडं लागणार नाहीत एवढी मी विभागात गोळा करायला लावली. आणि दर आठवड्याला इस्पितळाच्या शवागारात जायची. बेवारशी म्हणून आलेल्यांच्या कपाळावर, हातांवर आमच्या बाजूचं गोंदण दिसतंय का ते बघायची. दिसलं की गावी निरोप पाठवायची. कधी दोघं-तिघं नातेवाईक येत, पायात काही न घालता, गार फरशीवर उभे राहत. बऱ्याचदा कुणी येत नसे. माझे सहकारी या सवयीला हसत, काही जण टाळत. शवागारातून मी बाहेर आले की माझ्याशेजारी डबा उघडायला त्यांना नको वाटायचं. मी त्यांना दोष देत नाही. प्रत्येक चादर उचलताना मलाही भीती वाटे, खालचा माणूस आता आमच्या बोलीत काहीतरी मागेल.

प्राध्यापक निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. टेबल मोकळं केलेलं होतं. त्यावर फक्त हाडांच्या खोलीची किल्ली होती. ती त्यांनी लगेच दिली नाही.

"तू आणि त्या दुसऱ्या मुलीने एक संच जाळला होता, असं मी त्या वेळीच ऐकलं होतं," ते म्हणाले. "तुमचा माणूस होता तो?"

"माहीत नाही, सर."

ते खुर्चीत बसले. मी त्यांना कधी इतकं थकलेलं पाहिलं नव्हतं. "इतकी वर्षं मी ती खोली सांभाळली," ते म्हणाले. "कधी कधी आत एकटा असलो की वाटायचं, उद्या कुणी दाराशी येऊन म्हणालं, ह्यातला आमचा कुठला तो द्या, तर मी काय करणार? समज, आलं कुणी. तू काय करशील?"

"देईन, सर."

"ओळख पटली नाही तरी?"

"तरी."

त्यांनी किल्ली उचलली, माझ्या हातात ठेवली आणि कोट घालत दाराकडे निघाले. उंबऱ्यावर ते थांबले.

"मग कुलूप लावत जाऊ नकोस," ते म्हणाले.